खोताच्या वाडीतून एडिंबरो

गेल्या चैत्रात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे एडिंबरोहून पत्र आले. चांगले चार कागद, पाठपोट, आणि तेही हाताने लिहिलेले. ती आमच्या वर्गात असताना तिचे अक्षर सुधारावे म्हणून मी जी खटपट केली होती, तिचे फळ इतक्या वर्षांनी पोस्टाने घरपोच आले, याचा मला मजकुरापेक्षाही अधिक आनंद झाला. मजकूर तसा साधाच होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत ते जुने शहर तिने पायी पालथे घातले. खडकावरच्या किल्ल्यापासून खालच्या होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा मैलभराचा रस्ता, त्याचे नाव रॉयल माइल. त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारखे फुटलेले अरुंद बोळ. त्यांना तिकडे 'क्लोज' म्हणतात. बोळाचे तोंड एवढे लहान, की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. आत शिरले की मात्र चौक, जिने आणि उंचच उंच दगडी घरे. "सर," तिने लिहिले होते, "या आपल्या वाड्याच आहेत. फक्त फणसवाडी, कांदेवाडी अशा पाट्या नाहीत, आणि जिन्याखाली कोणी भांडत नाही."

पत्राच्या शेवटी एक ओळ होती, ती मात्र मनात काट्यासारखी राहिली. "एवढे परके शहर मी एका दिवसात पायी पाहिले. आपल्या गिरगावात मी वीस वर्षे राहिले, पण गिरगाव कधी पाहिले का हो?"

प्रश्न तिने स्वतःलाच विचारला होता. पण बसला तो मला. माझा जन्म गिरगावातला. खोताच्या वाडीला पाठ लावून उभ्या असलेल्या एका जुन्या चाळीत आमचे बिऱ्हाड. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे याच जिन्यांवरून चढतात, उतरतात आणि संधी मिळेल तिथे प्रेमात पडतात. पण ते जिने कोणी बांधले आणि केव्हा बांधले, हे विचारण्याची बुद्धी मला कधी झाली नव्हती. आणि त्या दिवसांत तर ते विचारायलाच हवे होते. कारण आमच्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवलेला एक कागद होता: चाळ पाडून तिथे मनोरा उभारण्याला संमती आहे, असे सांगणारा. बहुतेक बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या होत्या. आमची राहिली होती.

तेव्हा श्रावणातल्या एका शनिवारी पावसाने उघडीप दिलेली पाहून मी छत्री आणि वही घेतली आणि घराबाहेर पडलो. म्हटले, पोरीने तिचे एडिंबरो पाहिले, आपण आपले पाहावे.

आरंभ अर्थातच खोताच्या वाडीपासून. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची होती. त्यांनी तिचे तुकडे पाडून विकले आणि ते बहुतांशी ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले. आता 'ईस्ट इंडियन' हे नाव ऐकून बाहेरचा माणूस भलत्याच समजुतीत पडतो. ही मंडळी इथलीच. मुंबई, साष्टी आणि वसईकडची मूळ रहिवासी, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली, पण घरात मराठीच बोलणारी. पुढे गोव्याकडून नोकरीसाठी ख्रिस्ती माणसे मुंबईत येऊ लागली, तेव्हा आपण वेगळे ओळखू यावे म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या पन्नास वर्षांच्या उत्सवाचे निमित्त साधून, त्यांनी हे नाव धारण केले. नाव इंग्रजी कंपनीचे, धर्म रोमचा, घराची धाटणी पोर्तुगीज आणि तोंडात मराठी! उन्हाळ्यात मिरच्या-मसाले वाळवून, कांडून ते काळ्या बाटल्यांत ठासून भरण्याची यांची रीत. म्हणून त्याचे नावच 'बाटली मसाला'. शेजारच्या अनंताश्रमात माशाचे जेवण जेवून गेलेल्या माणसाला पुढे चार दिवस घरचे अन्न गोड लागत नसे, अशी ख्याती होती. तो अनंताश्रमही बंद होऊन आता बरीच वर्षे झाली.

चित्रकाराच्या डोळ्याला वाडी एकदम वेगळी दिसते. उतरती कौले, पुढे ओटीसारखा व्हरांडा, लाकडी कठडे, आणि घराच्या बाहेरून वर चढणारा जिना. बाहेरच्या जिन्याची गंमत अशी, की घरात येणारा माणूस आधी गल्लीला दिसतो, मग घराला. त्यामुळे वाडीत चोर येणे कठीण आणि जावई लपून येणे त्याहून कठीण. अशी पासष्ट घरे इथे होती असे सांगतात. मी त्या दिवशी मोजायला लागलो, तर माझी गणती तिशीच्या आतच आटोपली. १९९५ च्या वारसा-नियमांनी या वाडीचे नाव यादीत घातले, हे खरे. पण यादीत नाव असलेला माणूसही म्हातारा होतोच. एका घराच्या जागी उंच इमारतीची भिंत उभी होती, आणि तिच्या सावलीत दुसऱ्या घराची तुळई वाळवीने पोखरलेली दिसत होती. पाडणाऱ्याचा दोष मोठा, हे मान्य; पण डागडुजीचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्नही लहान नव्हे.

वाडीतून बाहेर पडून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागलो. रस्त्यावर नित्याचीच गर्दी. पायांखाली तर आता मेट्रोचाही मार्ग गेलेला. आता मी माझ्या खऱ्या शोधाला लागलो होतो. विद्यार्थिनीने एडिंबरोत गिरगाव पाहिले. मला गिरगावात एडिंबरो सापडते का ते पाहायचे होते. आणि नवल असे, की ते पावलोपावली सापडत गेले.

पहिला सापडला तो जॉन विल्सन. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लॉडर गावचा हा मुलगा. जन्म १८०४ चा, शिक्षण एडिंबरोच्या विद्यापीठात. १८२९ मध्ये पत्नी मार्गारेटसह तो मुंबईला उतरला आणि मराठी शिकण्यासाठी दोघेही आधी कोकणात, हर्णै-बाणकोटकडे गेली. तिथल्या पावसात, तिथल्या माणसांत बसून ती मराठी शिकली. त्याच वर्षी मुंबईस परत आल्यावर मार्गारेटने मुलींसाठी मराठी शाळा काढायला सुरुवात केली. मुलींना शिकवावे ही कल्पना मुंबईत अगदीच नवी नव्हती. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये तशी शाळा काढली होती. पण बाईने हे काम ज्या नेटाने केले, त्याला तोड नाही. शाळा काढायची, पालकांचा राग निघाला की ओस पडायची, पुन्हा दारोदार जायचे आणि मुली गोळा करायच्या. मुंबईच्या हवेत तिला जेमतेम सहा वर्षे मिळाली. १८३५ मध्ये ती इथेच वारली. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपले मूळ तिच्याच कामात सांगते. शाळेवरून जाताना मी मनातल्या मनात नमस्कार केला. माझ्या धंद्यातली ती माझी थोरली बहीण.

विल्सनने १८३२ मध्ये गिरगावात आंब्रोली इंग्रजी शाळा सुरू केली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. चौपाटीसमोरची त्याची दगडी इमारत १८८९ मधली. जॉन अ‍ॅडम्स या शिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. लहानपणी भेळ खाताना ती इमारत आम्हांला किल्ल्यासारखी वाटे आणि तिच्यात शिरणारी मुले सरदारासारखी. मी बाहेरच राहिलो. त्या दिवशी प्रथमच शिपायाची परवानगी घेऊन फाटकाशी उभा राहिलो आणि वहीत तिच्या कमानी उतरवून घेतल्या. कॉलेजात जायचे राहिले ते राहिलेच, पण कॉलेज वहीत आले!

हा विल्सन म्हणजे नुसता पाद्री नव्हता. एशियाटिक सोसायटीचा तो अध्यक्ष होता, जुन्या शिलालेखांत रमणारा होता आणि १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. पण त्याचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही. त्यामुळे गिरगावच्या घराघरांत त्याच्या नावाने एकाच वेळी दोन भावना नांदत: मुलगा त्याच्या शाळेत शिकून शहाणा व्हावा, आणि शिकून ख्रिस्ती मात्र होऊ नये. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहून त्याच्याशी उघड वाद मांडला. विल्सनने त्यांचे पुस्तक इंग्रजीत नेऊन त्याला उत्तर दिले. तलवारीशिवाय झालेली ही लढाई दोन्ही बाजूंना भूषणावह आहे. कारण दोघांनीही एकमेकांचे म्हणणे आधी वाचले आणि मग खोडले. आज इतके सौजन्यही दुर्मीळ झाले आहे.

पण वाद कागदावर असतो तोवर ठीक. १८४३ मध्ये तो एका घरात शिरला. स्कॉच मिशनच्या शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहू लागला. बाप कोर्टात गेला. श्रीपत अजाण आहे म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला. पण घर त्याला घेईना! परक्यांच्या हातचे अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत परत कसे घ्यावे, यावरून साऱ्या मुंबईत रण माजले. तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले आणि प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे म्हणून उभे राहिले. त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा केवढा रोष ओढवून घेतला! मला या सगळ्या प्रकरणात विल्सन आठवत नाही, कोर्ट आठवत नाही, शास्त्रार्थही आठवत नाही. मला दिसतो तो दाराशी उभा असलेला मुलगा. दोन देव त्याच्यासाठी भांडत आहेत आणि जेवायला मात्र कोणी वाढत नाही. नारायण शेषाद्री पुढे मोठा धर्मोपदेशक झाला आणि जालन्याजवळ त्याने 'बेथेल' नावाची वसाहत वसवली.

मिशनच्या शाळांना गिरगावाने दिलेले खरे उत्तर वेगळेच आहे, आणि ते आपल्या मनाला अधिक समाधान देणारे आहे. जगन्नाथ शंकरशेट हे धर्माने कडवे, पण बुद्धीने मोकळे. स्कॉच गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने शिक्षणाचे जे काम आरंभले, त्याला या गिरगावकर शेटजींनी खांदा दिला. पुढे १८४९ च्या सुमारास दादाभाई नौरोजींच्या पिढीतल्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्याच वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. 'तुमची शाळा नको' असे नुसते म्हणण्यापेक्षा 'ही घ्या आमची शाळा' असे म्हणणे कितीतरी अवघड, आणि कितीतरी चांगले!

चौपाटीवरून परत गावदेवीकडे वळलो. एडिंबरोशी गिरगावचा सर्वांत चटका लावणारा धागा इथे आहे, आणि तो एका बाईच्या हातचा आहे. रखमाबाई. जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे जाणकार. त्यांच्या पुस्तकांत वाढलेल्या रखमाबाईने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने फिर्याद केली. पहिला निकाल तिच्या बाजूने, अपिलानंतरचा विरुद्ध: १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते! साऱ्या हिंदुस्थानात खळबळ उडाली; थोरामोठ्यांच्या लेखण्या तिच्या विरुद्ध झिजल्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये ती वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेली.

इथे एडिंबरो येते. त्या शहराच्या विद्यापीठात १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सोबतिणींनी वैद्यक शिकण्यासाठी नाव घातले होते. सातजणी होत्या त्या. १८७० च्या नोव्हेंबरात त्या परीक्षेला निघाल्या, तर सर्जन्स हॉलच्या दारात विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांच्यावर चिखलफेक केली. शेवटी त्यांना पदवी नाकारण्यात आली. म्हणजे शिकू पाहणाऱ्या बाईवर चिखल उडवण्यात आपले लोक काही एकटे नव्हते. स्कॉटलंडच्या सुशिक्षित तरुणांनी ते कर्तव्य आधीच बजावून ठेवले होते. पण त्या सातजणींनी हट्ट सोडला नाही. १८८६ पासून एडिंबरो आणि ग्लासगोच्या वैद्यक संस्थांची एकत्र परीक्षा बायकांना खुली झाली, आणि तीच परीक्षा देऊन १८९४ मध्ये आमची रखमाबाई डॉक्टर झाली. परत येऊन तिने सुरत आणि राजकोट येथे आयुष्यभर बायकांची सेवा केली, आणि १९५५ मध्ये मुंबईतच देह ठेवला. त्या सातजणींना एडिंबरोच्या विद्यापीठाने मरणोत्तर पदव्या दिल्या त्या २०१९ मध्ये! दीडशे वर्षे लागली. संस्थांना पश्चात्ताप होतो, पण सावकाश होतो.

दुपार झाली होती. एका उपाहारगृहात मिसळ आणि चहा घेऊन मी चालत फोर्टात गेलो. इथल्या गोष्टी भरभर सांगतो, कारण त्या दगडांवर लिहिलेल्या आहेत आणि कोणालाही वाचता येतात. हॉर्निमन सर्कलच्या मागे स्कॉच लोकांचे सेंट अँड्र्यू देऊळ आहे, १८१९ मधले. उंच निमुळता कळस आणि आत विलक्षण शांतता. १८२६ मध्ये त्याच्या कळसावर वीज पडली, तो पुन्हा बांधावा लागला. जवळच एके काळी अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्याची गोल इमारत होती. बर्फाबरोबर तीही विरघळून गेली. समोर टाउन हॉल, १८३३ चा. तिथल्या एशियाटिक सोसायटीची मूळ स्थापना १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने केली, तोही स्कॉच. आत एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम या दोन स्कॉच गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे आहेत. त्यांच्याच वास्तूत पागोटे घालून बसलेले जगन्नाथ शंकरशेट पाहिले, की उर भरून येतो. गव्हर्नर उभे आहेत आणि आमचे नाना बसलेले आहेत, हे मला विशेष आवडले.

पण ज्या माणसासाठी मी फोर्टात आलो होतो, त्याचा पुतळा तिथे नाही. त्याचे नाव पॅट्रिक गेडिज.

गेडिज स्कॉटलंडचा, जन्म १८५४ चा. शिकलेला जीवशास्त्र, पण झाडाझुडपांइतकेच त्याला शहरांचे वेड. त्या काळी एडिंबरोची जुनी वस्ती म्हणजे नरक झाली होती. धनिक मंडळी अठराव्या शतकातच नव्या नगरात निघून गेली होती आणि त्यांच्या रिकाम्या घरांत गरिबांची कुटुंबे खोलीखोलीत कोंबली गेली होती. १८६१ मध्ये रॉयल माइलवरची एक जुनी इमारत मध्यरात्री कोसळली. पस्तीस माणसे दगावली. ढिगाऱ्याखालून एका मुलाचा आवाज आला, 'उपसा, मी अजून मेलो नाही' अशा अर्थाचा. आणि तो मुलगा वाचला. हे वाचताना मला २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडी बाजारात कोसळलेली इमारत आठवली. तिथे तेहेतीस गेले. जुनी घरे सुंदर असतात, पण ती पडतात तेव्हा सौंदर्य माणसाला वाचवीत नाही.

यावर तेव्हाच्या नगररचनाकारांचे उत्तर सोपे होते: सगळे पाडा, सरळ रुंद रस्ता काढा. गेडिजने दुसरा मार्ग धरला. १८८६ मध्ये त्याचे लग्न झाले, आणि बायको अ‍ॅना हिला घेऊन तो चांगली वस्ती सोडून जेम्स कोर्ट नावाच्या त्या गलिच्छ चौकातच राहायला गेला. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्याने भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे लावली, सडलेले तेवढे काढून टाकले आणि घट्ट होते ते ठेवले. एखादे कुजके घर पाडले की त्या जागी छोटा चौक किंवा बाग करावी, म्हणजे उरलेल्या घरांना ऊन-वारा मिळतो. पण सारी वस्तीच उठवू नये. शल्यवैद्य जसा रोगट भाग तेवढाच कापतो आणि माणूस वाचवतो, तशी ही शहराची शस्त्रक्रिया. आज जगभराचे प्रवासी जे जुने एडिंबरो पाहायला जातात, आणि ज्याला १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, ते बऱ्याच अंशी या माणसाच्या हट्टामुळे शिल्लक आहे. माझी विद्यार्थिनी ज्या बोळांतून फिरली ते बोळ त्याने राखलेले!

हा गेडिज १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. शहरांविषयीच्या त्याच्या प्रदर्शनाचे सगळे नकाशे आणि चित्रे ज्या जहाजावर होती, ते 'क्लॅन ग्रँट' जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले. आयुष्यभराची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. त्याने मित्रांकडून दुसरी गोळा करवली आणि पुढच्याच वर्षी मद्रासेस प्रदर्शन मांडले. १९१७ मध्ये थोरला मुलगा युद्धात गेला, आणि त्यापाठोपाठ अ‍ॅना याच देशात आजाराने वारली. माणूस तरीही चालत राहिला, अगदी शब्दशः. नव्या गावात गेला की आधी पायी हिंडायचे, गल्ल्या, विहिरी, तुळशीची वृंदावने पाहायची, आणि मग नकाशाला हात घालायचा. अंगणातली नीट राखलेली तुळस हे नीट राखलेल्या घराचे चिन्ह आहे, असे म्हणणारा हा साहेब. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढून त्याला प्राध्यापक नेमले. त्याच्याच शिफारशीने मालवणचा एक हुशार तरुण विलायतेला गेला आणि १९२४ मध्ये त्याच विभागाचा प्रमुख झाला. ते आपले गोविंद सदाशिव घुर्ये.

आता दिवाळी अंकात सांगावी अशी त्याची गोष्ट. होळकरांच्या इंदुरात प्लेगाने थैमान घातले होते आणि गेडिजला नगररचनेसाठी बोलावले होते. लोक त्याच्याकडे संशयाने पाहत. हा आपली घरे पाडायला आलेला साहेब. पुढे ही हकीकत तो मित्रांना रंगवून सांगे: त्याने महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले! आणि दवंडी पिटली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जी आळी सर्वांत स्वच्छ होईल तिच्यातून जाईल. झाले! गाव कामाला लागले. घरे झाडली, भिंती रंगवल्या, कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या गावाबाहेर गेल्या, उंदीर पकडले गेले. दिवाळीला मिरवणूक निघाली. हत्ती, घोडे, वाद्ये. मागे घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगाचा अजस्र उंदीर. आणि त्यानंतर कोण, तर शुभ्र कपड्यांत, नव्या झाडूंसह, गळ्यात हार घातलेले गावचे सफाईवाले! त्यांच्या मागून इंदूर नगरीची नवी देवता. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. नरकासुराचा वध यापेक्षा अधिक अर्थपूर्ण मी तरी ऐकलेला नाही. आणि याच इंदुराने २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक राखला. त्या दिवाळीचा याच्याशी संबंध जोडण्याचा हक्क मला नाही. पण शंभर वर्षांनी का होईना, देवता पावली असे म्हणायला काय हरकत आहे?

दिवे लागणीला घरी परतलो. पाय दुखत होते. आईने गरम पाणी दिले आणि मी तिला दिवसभराचे सारे सांगितले. विल्सन सांगितला, श्रीपत सांगितला. रखमाबाईच्या गोष्टीला तिने "बरी खमकी होती हो" अशी पसंतीची पावती दिली. मग गेडिज सांगितला, आणि वाहवत जाऊन चाळ राखली पाहिजे यावर थोडे भाषणही केले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अरे, तीन जिने चढणारे पाय माझे आहेत, तुझ्या इतिहासाचे नाहीत. पावसाळ्यात रात्री गॅलरीच्या टोकाला जायचे म्हणजे मला देव आठवतो. तुझा तो साहेब इथे राहायला आला असता, तर त्याने आधी मला विचारले असते की नाही?"

मी गप्प झालो. कारण तिचे उत्तर बरोबर होते. गेडिज आधी पाहायचा, आधी विचारायचा, आणि मगच ठरवायचा काय कापावे आणि काय ठेवावे. जुने तेवढे सोने म्हणणारा आणि जुने तेवढे पाडा म्हणणारा, दोघेही एकाच जातीचे. दोघांनाही चालायचा कंटाळा. आमची चाळ टेकूंवर उभी आहे. तिची तुळई गेली आहे, आणि तिच्यात म्हातारी माणसे आहेत. पण तिच्या मागची खोताची वाडी अजून उभी राहू शकते. तिला हवी आहे ती कौलांची डागडुजी, वाळवीवर औषध, आणि तिच्यात राहणाऱ्यांच्या खिशाला थोडा आधार. दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहिता येत नाहीत. एकेक घर वेगळे पाहावे लागते.

त्या रात्री मी संमतीपत्रावर सही केली. सही करताना हात थोडा कापला, हे कबूल करतो. खाली मात्र स्वच्छ अक्षरात एक मागणी लिहिली: चौकातली विहीर आणि तुळशीचा कट्टा नव्या इमारतीतही राहिला पाहिजे. ती मान्य होईल की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी येऊन आपल्याही कागदावर तेच लिहून मागितले.

आणि आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी आठवीची मुले घेऊन खोताच्या वाडीत जातो. प्रत्येकाला एक घर नेमून दिले आहे. आधी घराभोवती फिरायचे, घरातल्या माणसांशी बोलायचे, आणि मग कागदावर पहिली रेघ ओढायची, असा नियम आहे. मुलांना वाटले होते तितके हे काम कंटाळवाणे निघाले नाही; कारण एका घरच्या आजी चित्र काढणाऱ्याला केक देतात. त्या घराची चित्रे सध्या सात झाली आहेत. बाकीची होतील. दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदील लागलेली वाडी रंगवायची असे ठरले आहे. ख्रिस्ती घरांच्या गल्लीच्या तोंडाशी आमचे कंदील लागतात आणि नाताळात त्यांच्या चांदण्या आमच्या बाजूला येतात, हा इथला जुना रिवाज.

त्यांतले एक चांगलेसे चित्र मी एडिंबरोला पाठवणार आहे. मागे पत्ता लिहून ठेवला आहे. उत्तराची ओळ मात्र अजून सुचत नव्हती, ती आज हे लिहिता लिहिता सुचली: "बाळ, गिरगाव मी पाहिले. एका दिवसात होत नाही. सुट्टीला आलीस की उरलेले आपण दोघे पाहू; वहाणा मजबूत आण."